सहाचे पाच, पाचाचे तीन: हिरवे क्रोमिस एकेक करून का गायब होतात

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सहा हिरवे क्रोमिस, म्हणजे छोटे समुद्री मासे, सोडले. आठवड्याने मोजले तर पाच. मेलेला मासा कुठे दिसला नाही, पाणी काचेसारखं, क्लाउनफिश मजेत, झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे भाऊबंद) उमललेले. पुढच्या रविवारी चार. दुकानदार म्हणतो, ‘होतं असं, अजून चार घेऊन जा.’ आपण नेतो. दोन महिन्यांनी टाकीत एकच क्रोमिस उरतो, चांगला धष्टपुष्ट, आणि तो पुढे वर्षानुवर्षं जगतो.

ही तक्रार घेऊन मला जेवढे फोन येतात तेवढे दुसऱ्या कुठल्याही माशासाठी येत नाहीत. माझी टाकी डोंबिवलीत. त्याशिवाय ओळखीपाळखीच्या सात-आठ खाऱ्या पाण्याच्या टाक्या मी रविवारी बघून येतो, त्यातली एक दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आहे. माझे स्वतःचे पहिले अकरा क्रोमिस मी असेच घालवले. त्यामुळे खाली लिहिलंय त्यातल्या बऱ्याच चुका माझ्याच आहेत.

माशाची ओळख थोडक्यात. शास्त्रीय नाव क्रोमिस व्हिरिडिस, कुळ डॅमसेलचं, लांबी फार तर ८ ते १० सेंटिमीटर. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांपर्यंत याचा वावर. आपल्याकडे लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर यांचे थवे असतात. अमेरिकेत शोभेचे जे समुद्री मासे आयात होतात, त्यांत संख्येने हा पहिल्या क्रमांकावर राहिला आहे, आणि बाजारात येणारे बहुतेक मासे फिलिपिन्स-इंडोनेशियाकडे समुद्रातून पकडलेले असतात. म्हणजे तुमच्या हातात पिशवी येईपर्यंत या माशाने बरंच काही सोसलेलं असतं. स्वस्त मिळतो म्हणून तो काटक असतो असं नाही.

आधी लक्षणं

‘मासे कमी होतायत’ एवढ्यावरून काही कळत नाही. कसे कमी होतायत ते सांगा. माझ्या अनुभवात पाच तऱ्हा आहेत.

पहिली: दर आठ-दहा दिवसांनी एक जातो, तोही गटातला सगळ्यात लहान. जाण्याआधी तो वरच्या कोपऱ्यात, ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं जादा पाणी बाहेर नेणाऱ्या डब्याच्या) फण्यांजवळ किंवा हीटरमागे एकटा उभा असतो. शेपटीची टोकं कुरतडल्यासारखी.

दुसरी: अंगावर, बहुतेक वेळा कुशीला, लालसर चट्टा. खवले उचकटलेले, जणू कुणी नखाने खरवडलंय. असा मासा सकाळी खातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो.

तिसरी: सगळेच धापा टाकतायत, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशी. एक-दोन दिवसांत दोन-तीन जातात.

चौथी: पोट आत गेलेलं, डोक्यामागे पाठ सुरीच्या धारेसारखी. मासा खायला येतो खरा, पण खूप उशिरा.

पाचवी: काहीच दिसत नाही. काल होता, आज नाही.

यातली आपली तऱ्हा कुठली ते एका कागदावर लिहा आणि कागद टाकीच्या बाजूला चिकटवा. औषधाची बाटली मात्र आज कपाटातच राहू द्या. माझे अकरांतले निदान चार तरी औषधानेच गेले असावेत.

पहिली तपासणी: खुर्ची टाकून बसा

फुकट आहे, म्हणूनच कुणी करत नाही. टाकीपासून पाच-सहा फुटांवर खुर्ची ठेवा आणि वीस मिनिटं हलू नका. नाक काचेला लावून बसलात तर मासे तुमच्याकडे बघतात, खाणं मिळेल म्हणून गोळा होतात आणि भांडण थांबतं. लोक मला म्हणतात, ‘आमचे तर कधी भांडतच नाहीत.’ तुम्ही समोर असताना नाही भांडत.

काय बघायचं? क्रोमिसचा हल्ला बघताना हल्ला वाटत नाही. इतर डॅमसेल कचाकचा चावतात, हा तसा दिसत नाही. एक मासा दुसऱ्याकडे सरळ रेषेत दोन वीत पळतो, दुसरा बाजूला होतो, संपलं. एवढंच. पण हे मिनिटाला चार वेळा, दिवसभर, आणि दर वेळी त्याच माशावर. दाताच्या डॉक्टरांकडे मी असंच मोजत बसलो होतो. वीस मिनिटांत एकाच लहान माशाचा पाठलाग एकोणसाठ वेळा झाला. डॉक्टर दोन पेशंटच्या मधे बाहेर आले आणि म्हणाले, ‘अहो, हे तर खेळतायत.’ त्या माशाच्या शेपटीची खालची पात अर्धी गेलेली होती. चौथ्या दिवशी तो गेला.

याचं कारण समजून घ्या, कारण पुढचा अर्धा इलाज त्यावरच आहे. समुद्रात हा मासा थव्याने राहतो तो प्रेमापोटी नाही, भीतीपोटी. वरून-खालून खाणारा कुणी आला की सगळा थवा प्रवाळाच्या फांद्यांत घुसतो. त्या थव्यातही वरचढ कोण आणि दबलेला कोण हे ठरलेलं असतं, पण माणसं वाटून घेतात तसा त्रास चाळीस जणांत वाटला जातो आणि पळायला जागाही असते. आपल्या तीन फुटी टाकीत भीती नाही, जागा नाही, आणि मासे सहाच. वरचढ मासा सगळ्यात खालच्याला धरतो. तो संपला की त्याच्या वरचा आता सगळ्यात खालचा होतो. म्हणून मरण एका ओळीत येतं. ‘रोग असता तर सगळे गेले असते’ हे लोकांचं म्हणणं इथे बरोबर निघतं, फक्त त्यातून पुढचा अर्थ कुणी काढत नाही.

बसल्या बसल्या आणखी एक बघा. छातीच्या पराच्या मुळाशी, आतल्या बाजूला काळा ठिपका आहे का? असेल तर तो हिरवा क्रोमिस नव्हे, त्याचा चुलतभाऊ आहे, क्रोमिस अट्रिपेक्टोरालिस. रंगरूप जवळजवळ तेच, पण वाढतो १२ सेंटिमीटरपर्यंत. दुकानात दोन्ही एकाच टाकीत, एकाच नावाने विकले जातात. सहांत दोन असे निघाले तर वर्षभरात कोण कुणाला हाकलणार ते सांगायला नको.

आणि एखादा मासा अचानक पिवळट पडून वरचा पर काळा करत असेल, वाळू-खड्यांतली एक जागा सोडायला तयार नसेल, तर तो आजारी नाही. तो नर आहे आणि अंड्यांची राखण करतोय किंवा तयारीत आहे. दोन-तीन दिवस चवताळतो, मग शांत होतो.

दुसरी: प्रेत शोधा

टाकीमागची जमीन, सोफ्याखाली, सम्पमधला (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतला) फिल्टर सॉक, म्हणजे गाळायची पिशवी, ओव्हरफ्लोचा डबा, पंपाची जाळी. क्रोमिस उडी मारतो, विशेषतः पाठलागात आणि रात्री दिवा अचानक लागला की. एकदा एका वहिनींनी फोन केला की मासा हवेत विरला. तो शोकेसमागे सापडला, सुकट होऊन. त्यांच्या मांजरीलाही लागला नव्हता.

बाहेर नसेल आणि टाकीतही नसेल तर घाबरू नका. तीन सेंटिमीटरचा मासा रात्री मेला तर सकाळपर्यंत शंखातले खेकडे आणि काटेरी किडे त्याचं काही उरू देत नाहीत. त्यांना मारेकरी समजून दगड उपसू नका. ते सफाई कामगार आहेत. हां, रात्री टॉर्चला लाल कागद लावून एकदा बघा. लाइव्ह रॉकमधून (समुद्रातून आणलेल्या, जीवजंतू असलेल्या दगडातून) आलेला मोठा केसाळ खेकडा किंवा टकटक आवाज करणारी मँटिस श्रिंप दिसली तर मात्र तो खरा संशयित. तऱ्हा पाचवी बहुतेक वेळा यातच उलगडते: उडी, नाहीतर खेकडा.

मासा सापडला तर फेकायच्या आधी पांढऱ्या बशीत ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुशीला लाल चट्टा आहे का, शेपूट फाटलीय का, पोट आत आहे का. पुढे कुणा जाणकाराला दाखवायला एवढाच पुरावा असतो.

तिसरी: खाणं

हा मासा समुद्रात प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव दिवसभर टिपत असतो. आपण त्याला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकदा चिमूटभर फ्लेक्स टाकतो. वरचढ मासा ती चिमूट संपवतो आणि खालचा उपाशी राहतो. उपाशी मासा दुबळा, दुबळ्यावर हल्ला जास्त. तऱ्हा चौथी आणि पहिली अशी एकमेकींत मिसळलेली असते.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. घरी कुणी नसेल तर स्वयंचलित फीडर लावा, त्यात बारीक दाण्याचं पेलेट. एका जागी टाकू नका. अर्धं वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) झोतात आणि त्याच क्षणी अर्धं टाकीच्या दुसऱ्या टोकाला. वरचढ मासा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, सगळी युक्ती तेवढीच आहे. गोठवलेले कोपेपॉड, आर्टेमिया, मायसिस (सगळे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) चालतात. नुसता आर्टेमिया रोज नको, त्यात कस कमी. ताजी कोलंबी अगदी बारीक चिरून, गाळणीत धुऊन, चालते. जवळा घालू का, असं मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. ताजा, न खारवलेला, धुऊन गोठवलेला आणि चुरलेला असेल तर हरकत नाही. सुका जवळा तुमच्या चटणीसाठी ठेवा.

दोन आठवडे एवढंच केलं आणि गळती थांबली, अशा दोन टाक्या मला माहीत आहेत.

चौथी: तापमान आणि हवा

तऱ्हा तिसरी असेल, म्हणजे सगळेच धापा टाकत असतील, तर वरच्या सगळ्या तपासण्या सोडून इथूनच सुरुवात करा.

थर्मामीटर बघा. २४ ते २७ अंश हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद घरातली टाकी ३१-३२ वर सहज जाते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तो लागतो मात्र जास्त. क्रोमिस सतत पोहणारा, त्यामुळे तो आधी सांगतो. क्लाउनफिश तोवर निवांत असतो, म्हणून लोक फसतात.

पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा आहे का? वेव्हमेकर वर वळवा, पाणी उसळू द्या. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. हे पुण्यात आणि नागपुरात उन्हाळ्यात छान चालतं. मुंबई-ठाण्यात जूननंतर हवाच इतकी दमट असते की पंखा नुसता फिरतो, तिथे खोलीचा एसी किंवा चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, लागतो. बर्फाचे खडे थेट टाकू नका. पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या तरंगत ठेवा.

वीज जाते का हेही विचारा, विशेषतः दुपारी तुम्ही घरी नसताना. दाट मासे असलेली टाकी पंपाशिवाय दोन-तीन तासांत धापा टाकायला लागू शकते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. तो घेऊन ठेवा. महाग हीटरच्या आधी तो घ्या, आपल्या हवेत हीटर तसाही वर्षातून दोन महिने चालतो.

पाचवी: खारटपणा

विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, म्हणजे हजारी ३५ भाग मीठ. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पाण्याच्या एका थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मीठ दाखवणारी ही छोटी दुर्बीण. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी वाचन बदलतं. रिफ्रॅक्टोमीटरही आधी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. माझा वर्षभर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य केलेला होता आणि खरं वाचन १.०२९ निघालं.

वाढतं कसं? उन्हाळ्यात पंखा लावलेल्या माझ्या तीन फुटी टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची, आणि रोज थोडी थोडी. आठवड्यातून एकदा वीस लिटर ओतलंत तर मासा सहा दिवस खारवला जातो आणि सातव्या दिवशी गोड्या पाण्याचा धक्का खातो. नळाचं पाणी थेट नको, त्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं.

सहावी: अमोनिया

टेस्ट किट आणावं लागतं म्हणून सहावी. टाकी नवी असेल, मीठ-वाळू घालून महिनाही झाला नसेल, तर मात्र ही दुसरी समजा. ‘डॅमसेल टाकून टाकी सायकल करा’, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू माशांच्या घाणीवर वाढवा, असा सल्ला अजूनही मिळतो. तो जुना, क्रूर आणि निरुपयोगी आहे. बाटलीतले जिवाणू आणि थोडा अमोनिया घालून माशाशिवाय हे काम होतं.

आकडा शून्यच हवा. गोड्या पाण्याची सवय असलेले म्हणतात, ‘थोडासाच आहे.’ पण समुद्री टाकीचा पीएच ८.१-८.३ असतो, आणि पीएच जितका वर, तितका त्याच अमोनियातला विषारी वाटा मोठा. ७ पीएचच्या गोल्डफिशच्या टाकीत जो आकडा खपून जातो तो इथे कल्ले भाजतो. अमोनिया दिसला तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला, तेही तापमान आणि मीठ जुळवून. खाणं एक दिवस अर्धं करा आणि दगडामागे काही कुजतंय का बघा.

नायट्रेट थोडं वाढलेलं असेल तर त्याच्यामागे लागू नका. त्याने क्रोमिस असे एकेक करून मरत नाहीत.

सातवी: दांडगा पकडा

इथवर सगळं ठीक निघालं आणि पाठलाग दिसतोय, तर मग कामाला लागा. खरं सांगायचं तर बहुतेक टाक्यांत मला इथेच यावं लागतं.

आधी आपली टाकी मोजा. ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच म्हणजे काठोकाठ सुमारे १९० लिटर. दगड, वाळू आणि वरची रिकामी चार बोटं वजा केली की दीडशे उरलं तरी नशीब. एवढ्या पाण्यात माझ्या मते क्रोमिस एक ठेवावा. हौसच असेल तर सात-आठ एकाच मापाचे, एकाच दिवशी सोडावेत आणि शेवटी तीन-चार राहतील हे मनाशी धरावं. पण जाणूनबुजून निम्मे मरायला आणणं मला पटत नाही, म्हणून मी एकच सांगतो. तीन, पाच, सात असे विषम आकडे आणावेत हे नुसतं ऐकीव आहे. मासे आकडे मोजत नाहीत.

दगडांची रचना बदला. ढिगारा मोडून दोन उंच, पोकळ, फांद्याफांद्यांचे डोंगर करा, म्हणजे नजरेआड व्हायला जागा होते आणि जुन्या हद्दी पुसल्या जातात. फांद्यांसाठी कुणी लक्षद्वीपहून आणलेलं प्रवाळ देऊ केलं तर हात जोडा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये ते आहे. सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या फांद्या चालतात, सिमेंट मात्र काही आठवडे पाणी बदलत भिजवून घ्या, नाहीतर पीएच भडकतो.

रचना बदलूनही एकच मासा सगळ्यांच्या मागे असेल तर त्याला बाहेर काढा. जाळी घेऊन टाकीत धावाधाव करू नका, दांडगा सोडून बाकी सगळे दमतात. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, झाकण काढलेलं. चार बाजूंना भोकं पाडा म्हणजे पाणी खेळेल. आत चार मायसिस, एक दगड वजनाला, आणि गळ्याला दोरी. पहिल्या दिवशी मासे तोंड लावून मागे सरतात. दुसऱ्या दिवशी सकाळचं खाणं देऊ नका आणि बाटली ठेवा. आत पहिला कोण जातो? जो खाण्यावर हक्क सांगतो तोच. दांडगाई त्याला नडते. डॉक्टरांकडे तो अकरा मिनिटांत आत गेला. रिसेप्शनवरच्या ताईंनी दोरी ओढली आणि दोन पेशंटनी टाळ्या वाजवल्या.

काढलेल्या दांडग्याला दुसऱ्या टाकीत किंवा दुकानात द्या. समुद्रात किंवा खाडीत सोडू नका. आणि पुढचे आठ दिवस पुन्हा खुर्ची टाकून बसा, कारण दुसऱ्या नंबरचा आता पहिला झालेला असतो. कधी तो सौम्य निघतो, कधी आधीच्यालाही मागे टाकतो.

आठवी: रोग

लाल चट्टा दिसला तर आधी एक शंका फेडून घ्या. दबलेले मासे हीटरमागे लपतात आणि भाजतात. भाजल्याची खूण हीटरच्या नळीसारखी, सरळ कडेची, आधी पांढुरकी असते आणि एकाच माशाला असते. हीटरला जाळीचं कव्हर घाला.

चट्टा वेडावाकडा, पसरत जाणारा, आणि आठवड्यात दुसऱ्या माशालाही आला, तर बहुधा युरोनेमा हा परजीवी. क्रोमिसला हा इतका होतो की दुकानात कुणाही एका माशाला असा डाग दिसला तर मी त्या टाकीतला दुसरा मासाही घेत नाही. पांढरे ठिपके पाडणारा परजीवी माशावाचून मरतो, म्हणून टाकी काही आठवडे रिकामी ठेवली की तो संपतो. युरोनेमाचं तसं नाही. तो केसाळ एकपेशीय जीव जिवाणू आणि घाण खाऊन माशाशिवायही मजेत जगतो. म्हणून टाकी रिकामी ठेवून तो जात नाही, आणि तांबं, म्हणजे तांब्याचं औषध, त्याच्यावर चालत नाही. घरी करण्यासारखं एवढंच: चट्टेवाला मासा ताबडतोब वेगळ्या डब्यात, टाकीतली कुजकी घाण साफ, आणि नवे मासे बंद.

अंगावर सोनेरी-राखाडी पीठ भुरभुरल्यासारखं, कल्ले जोरात, मासा प्रकाश टाळतोय: हा व्हेल्व्हेट, दुसऱ्या एका परजीवीचा रोग. तो तासांच्या हिशेबाने मारतो. त्यावर तांबं चालतं, पण ते वेगळ्या टाकीत आणि तांब्याच्या टेस्ट किटने मोजून. कोरल, शंख, कोलंबी असलेल्या टाकीत तांब्याचा एक थेंबही नको. माझ्या ओळखीच्या एका काकांनी ‘थोडंसंच’ टाकलं. चार वर्षांचा संसार दोन दिवसांत पांढरा पडला.

इथे हात थांबवा

पाण्यात बोट घातलं आणि झिणझिण्या आल्या, तर मासे विसरा. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारं पाणी वायरवर चढून मिठाची पांढरी लकेर सोडतं आणि तिथून करंट येतो. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय पुन्हा हात घालू नका. पाण्यात लोखंडाची कांडी टाकून ‘अर्थ’ करण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका.

दोनहून जास्त माशांना लाल चट्टे असतील, किंवा व्हेल्व्हेटची शंका असेल, तर मत्स्यरोगाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला गाठा. नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना हा विषय सहसा नसतो. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत हा विषय शिकवला जातो, तिथून बाहेर पडलेली माणसं राज्यभर आहेत. त्यांना खवल्याचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो, आणि काय आहे ते पाच मिनिटांत कळतं. आपण फोटोवरून महिनाभर वाद घालतो.

फॉर्मॅलिन घरी हाताळू नका. युरोनेमावर ते वापरतात हे खरं, पण त्याची वाफ डोळे-फुप्फुसं जाळते आणि ते कर्करोगकारक आहे. वन-बीएचके फ्लॅटमध्ये लहान मुलं असताना बाटली उघडायची ही वस्तू नव्हे. माशाची किंमत आणि बाटलीचा धोका, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

काचेच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर तेही आपलं काम नाही.

मग नवे कधी आणायचे

सहा आठवडे एकही मासा गेला नसेल तेव्हा. ‘गट पूर्ण’ करायला मधेच दोन आणले की नव्यांना सगळे मिळून धरतात, आणि सोबत रोग येतो तो वेगळाच.

दुकानात विचारा, माल कधी आला. कालच आला असेल तर आठ दिवसांनी या. तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जो पुढे येऊन खातो आणि ज्याची कूस दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे तोच घ्या. फिलिपिन्समध्ये मासे सायनाइडने बधिर करून पकडण्याची जुनी खोड आहे. ती घरी ओळखता येत नाही, पण दुकानात दोन आठवडे टिकून खाणाऱ्या माशाबाबत धोका बराच कमी झालेला असतो. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळं ठेवा. चाळीस-पन्नास लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे तुकडे, बास. तिथेही अमोनिया तपासत राहा.

पिशवीबाबत एक. तासभराच्या प्रवासाची असेल तर नेहमीसारखी तरंगवून, हळूहळू पाणी मिसळून चालतं. पण कुरिअरने रात्रभर आलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया त्यामुळे निपचित पडलेला असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पिशवीला दोन तास थेंब थेंब पाणी लावत बसणं म्हणजे माशाला त्यातच उकळणं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. वेगळ्या डब्यातलं मीठ पाठवणाऱ्याला विचारून आधीच त्याच्याइतकं करून ठेवा. मग पिशवी फोडा, मासा हलकेच त्या डब्यात घ्या आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.